जे मुलाच्या हातात आहे, त्याचाच जाब विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका आडगावच्या अनुदानित शाळेत, पाचवी ते दहावी, एक मॅडम या जूनपासून मुख्याध्यापिका झाल्या आहेत. संस्थेच्या संचालकांना कडक शिस्त हवी आहे. उशिरा येणाऱ्याला दहा रुपये दंड, केस वाढवले तर गेटबाहेर, मोबाईल सापडला तर वर्षभर जप्त, अशी बावीस नियमांची यादी त्यांनी मॅडमच्या हातात ठेवली आहे. त्यातच नववीच्या एका मुलाने वर्गात सरांना शिवी दिली आणि जाता जाता खिडकीची काच फोडली. त्याला दाखला देऊन मोकळं करा, असा आग्रह आहे. पालक तर म्हणतात, "मारा त्याले सर, पन शिकाडा." मॅडमनी विचारलंय: नियम कोणते ठेवू, शिक्षा काय करू आणि या मुलाचं काय करू?

मॅडम, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत मिळून मी ३३ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक म्हणून काढली. त्या बावीस नियमांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीसमोर एकच गोष्ट तपासा: हे पाळणं मुलाच्या हातात आहे का? हातात असेल तर नियम ठेवा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. हातात नसेल तर ती शिस्तीची बाब नाही, ते तुमचं आणि माझं काम आहे. माझ्या अंदाजाने बावीसपैकी सात-आठच उरतील. तेवढे पुरतात.

उशिरापासून सुरू करतो, कारण रोजची कटकट तीच. आमच्या शाळेची घंटा १०:४० ला व्हायची. परिपाठ सुरू झाला की शिपाई गेट लावून घ्यायचा आणि मागून आलेली पोरं निंबाच्या झाडाखाली उभी राहायची, पहिली तासिका संपेपर्यंत. पहिली तासिका बहुधा गणिताची. म्हणजे ज्याचं गणित कच्चं, त्याचंच गणित आम्ही रोज बुडवत होतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, गाडी उनीच नही." ते मला बहाणा वाटायचं.

मुख्याध्यापक झाल्यावर मी गेटवर एक वही ठेवली. नाव, वर्ग, गाव, आल्याची वेळ आणि कारण मुलाच्या शब्दांत. महिन्याने ती पानं गावानुसार लावली, तर निम्म्याहून जास्त नावं एकाच रस्त्यावरच्या दोन गावांची निघाली. मुलं खरं बोलत होती. एसटी कधी दहा मिनिटं उशिरा, कधी भरलेली म्हणून न थांबता पुढे. मुलींकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास, मुलांकडे सवलतीचा पास. पास खिशात आणि पोरगं फाट्यावर. त्या वहीची महिनाभराची पानं जोडून जावक क्रमांक टाकून आगार व्यवस्थापकांना पत्र दिलं. पहिल्या पत्राला काही झालं नाही. दुसऱ्यांदा सरपंच आणि पालक-शिक्षक संघाचे दोघं घेऊन गेलो, तेव्हा सकाळची फेरी वीस मिनिटं अलीकडे आली आणि निंबाखालची गर्दी ओसरली.

उरली ती गावातलीच पोरं, ज्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. ती त्यांच्या हातातली गोष्ट. त्यांना वर्गात लगेच घ्यायचं, बुडालेलं काम मधल्या सुट्टीत बसून पुरं करायला लावायचं. आठवड्यात तीनदा झालं तर वर्गशिक्षकांनी घरी जायचं. कोणालाही गेटबाहेर ठेवू नका. गेटबाहेरची मुलगी कुठे गेली, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

दंडाचं तर नावच काढू नका. दहा रुपये बाप देतो. चूक पोराची, भुर्दंड बापाच्या रोजावर, आणि ज्या दिवशी दहा रुपये नसतात त्या दिवशी पोरगं शाळेतच येत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत आहे, तिथे हजेरीच्या आड येणारी वसुली बसतच नाही. नववी-दहावीच्या मुलांसाठीही दंडाने काही सुधारलेलं मी पाहिलेलं नाही.

आता मारण्याबद्दल, आणि इथे मला माझी चूक सांगायलाच हवी. नोकरीची पहिली काही वर्षं मी मारायचो. लाकडी पट्टी टेबलावरच असायची. दिवाळीनंतरचे दिवस होते. आठवीतल्या एका मुलाने सलग तीन दिवस गृहपाठ आणला नव्हता. हात पुढे कर म्हटलं, त्याने केला. दोन पट्ट्या मारल्या आणि तिसरीला माझी नजर त्याच्या बोटांवर गेली. नखांच्या कडेने बारीक चिरा, त्यांत सुकलेलं रक्त. उकललेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात आणि कापूस वेचताना नेमकी नखाच्या मुळाशी बोचतात. तो पहाटेपासून वेचणीला जायचा आणि तिथूनच शाळेत यायचा. पेन धरवत नाही, एवढंच म्हणाला. रडला नाही. ती पट्टी मी त्या दिवशी कपाटात टाकली आणि परत काढली नाही. पण त्याला मारलेल्या दोन पट्ट्या परत घेता येत नाहीत. मी त्याला आधी एक वाक्य विचारलं असतं तर ती वेळ आलीच नसती.

कायदा म्हणाल तर स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. असं करणाऱ्या शिक्षकावर सेवा नियमांनुसार कारवाई होते. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ची दुरुस्ती पाचवी आणि आठवीत नापास करण्यापुरती आहे, काढून टाकायची मुभा तिने दिलेली नाही. हा कायदा आठवीपर्यंतचा, त्यावरून काही शिक्षक 'म्हणजे नववी-दहावीला मारलं तर चालतं' असा अर्थ लावतात. तो चुकीचा आहे. बाल न्याय कायदा २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेली मारहाण किंवा छळ कलम ७५ खाली येतो. आणि मारणं म्हणजे फक्त छडी नव्हे. उठाबशा, कोंबडा करणं, अंगठे धरून उभं करणं, बाकावर उभं करून वर्गाला हसवणं, बापाच्या धंद्यावरून किंवा जातीवरून बोलणं, सगळं त्यातच आलं. आपल्याकडे तर मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. भुसावळ, जळगावच्या उन्हात पोराला मैदानात उभं करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

पालक "मारा" म्हणाले म्हणून तुम्हाला परवानगी मिळत नाही. मी त्यांना सांगायचो, "भाऊ, मी मारणार नाही, पण सोडणारही नाही. दर शनिवारी वही घेऊन मी त्याला भेटतो, तुम्ही महिन्यातून एकदा या." दोन-तीन महिन्यांत त्यांना फरक दिसतो. मग ते मारायचं म्हणत नाहीत. संचालकांपैकी कोणी जुन्या शिस्तीची आठवण काढलीच, तर आपल्याच खान्देशातलं उदाहरण सांगा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही पाहायचे. मुलांनी पसारा केला तर स्वतः खोली झाडायचे. त्या मुलांना शिस्त नव्हती असं कोणी म्हणत नाही.

कापसाकडे परत येतो, कारण आपल्या भागात गैरहजेरीची खरी गाठ तिथेच आहे. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत वेचणी, रावेर-यावलकडे केळीची कामं, नंदुरबार-साक्रीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला. दहावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे. वर्षाचे २२० दिवस धरले तर १६५ दिवस हजेरी लागते, म्हणजे मुभा ५५ दिवसांची. हा आकडा पालकांना फेब्रुवारीत कळून काय उपयोग? ऑगस्टच्या पालक सभेत फळ्यावर लिहा. "तुमच्या पोराचे इतके दिवस वापरून झाले, इतके उरले" हे दर महिन्याला चिठ्ठीवर द्या. शेतकऱ्याला हिशोब कळतो. उपदेश त्याला नको असतो. माझ्या अनुभवात या चिठ्ठीने जेवढी मुलं वर्गात राहिली तेवढी कोणत्याच नोटिशीने राहिली नाहीत. कुटुंबच बाहेरगावी जाणार असेल तर मुलाला मागे कोणाकडे ठेवता येईल, आजीकडे की वसतिगृहात, हे दसऱ्याच्या आत बोला. गाडी भरल्यावर बोलून काही होत नाही.

सणांचंही तसंच. कानबाई देवीच्या उत्सवातल्या सोमवारी विसर्जन असतं, घरोघरी रोटांचा कार्यक्रम असतो, वर्ग अर्धा रिकामा. सातपुड्यातल्या शाळांत होळीच्या आठवड्यात मुलं मिळत नाहीत. त्या दिवशीची गैरहजेरी बेशिस्तीत मोजू नका. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी अशाच दिवसासाठी वापरा.

केस आणि गणवेश यांवर मी फार वेळ घालवणार नाही, पण एक गोष्ट बघा. सोमवारी परिपाठात आपण पोराला म्हणतो, "आजच्या आज केस कापून ये." सोमवारी गावातलं सलून बंद असतं. मंगळवारी तो तसाच येतो आणि आपल्याला उद्धट वाटतो. त्याला सात दिवस द्या, तारीख सांगून द्या. कोणत्याही शिक्षकाने वर्गात कात्री चालवायची नाही, हे शिक्षकसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तो अपमान मूल आयुष्यभर विसरत नाही. पावसाळ्यात गणवेश ओला असेल तर साध्या कपड्यात येऊ द्या. बऱ्याच घरांत एकच जोड असतो.

मुलींनी तास चालू असताना बाहेर जायची परवानगी मागितली तर कारण विचारायचं नाही. हा नियम शिक्षकांसाठी आहे आणि तो पहिल्या दिवशी सांगा.

मोबाईलचा नियम मात्र कडकच ठेवा, कारण तो मुलाच्या हातात आहे, अगदी शब्दशः. शाळेत मोबाईल नाही. ज्या मुली लांबून एकट्या येतात त्यांच्या घरच्यांना फोन हवासा वाटतो, तो रास्त आहे. त्यांनी सकाळी कार्यालयात नावाची चिठ्ठी लावून जमा करायचा, सुटताना न्यायचा. लपवून आणलेला सापडला तर बंद करून पाकिटात घाला, त्याच्यासमोर पाकिटावर सही घ्या, दुसऱ्या दिवशी पालकाच्या हातात द्या. वर्षभर जप्त करायचा अधिकार आपल्याला नाही. आणि कृपा करून फोन उघडून बघू नका. त्यात एखाद्या मुलीचा आक्षेपार्ह फोटो आहे असं कळलं तर तो कोणाला पाठवायचा नाही, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. गाव सांभाळून घेऊ म्हणत मिटवायचंही नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. तक्रारपेटी लावली असेल तर ती आठवड्याला उघडा, दोन शिक्षिकांच्या समोर. आमच्याकडे ती पेटी एकदा वर्षभर कुलुपात होती. उघडली तेव्हा तळाशी दोन चिठ्ठ्या होत्या आणि त्या लिहिणाऱ्यांतली एक मुलगी शाळा सोडून गेलेली होती. ती चिठ्ठी माझ्याकडे वेळेवर यायला हवी होती. मी त्या वर्षी साधा शिक्षक होतो, तरी पेटी कधी उघडतात हे विचारू शकत होतो. विचारलं नाही.

शिक्षकांचेही फोन वर्गात बंद. आपण फळ्याकडे तोंड करून मेसेज वाचायचा आणि मुलाला जाब विचारायचा, हे मुलं एका आठवड्यात ओळखतात.

गुटखा आणि तंबाखूची पुडी खिशात सापडली तर आधी हे लक्षात घ्या की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती कोणीतरी विकली आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. गुटखा तर आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे. टपरीवाल्याकडे ग्रामपंचायतीचं आणि पोलीस ठाण्याचं, दोन्ही पत्रं घेऊन जा. मुलाला परिपाठात उभं करून पुडी दाखवू नका. त्याला एकट्याला बसवा, तोंड पूर्ण उघडतं का बघा, उघडत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तोंडात दोन बोटंही जात नाहीत असं पोरगं मी पाहिलंय.

मारामारीत एकच पथ्य. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून त्यांच्याच अक्षरात काय झालं ते लिहून घ्या आणि दोन्हीकडच्या पालकांना एकाच वेळी बोलावू नका. ग्रामपंचायत निवडणुकीच्या वर्षात पोरांच्या भांडणात गल्ल्या उतरतात. कधी मुळाशी जातीवरून मारलेला टोमणा असतो. तसं असेल तर 'दोघांनी हात मिळवा' म्हणून ते संपत नाही. ज्याने टोमणा मारला त्याच्याशी आणि त्याच्या वर्गाशी वेगळं बोलावं लागतं, एकदा नव्हे, अनेकदा.

हे सगळं एका वहीत राहू द्या. तारीख, काय घडलं, मूल काय म्हणालं, काय ठरलं, पुढची भेट कधी, सही. 'गुन्हा' हा शब्द त्यात कुठेही नको. 'नेहमीचंच पोरगं' असलं काही लिहू नका. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: "मधल्या सुट्टीनंतर दोन तासिका गैरहजर. म्हणणं: माय बिमार शे, म्हशीले पानी पाजाले गयथू. ठरलं: तसं असेल तर आधी बाईंना सांगून जाणे. शुक्रवारी भेट." शुक्रवारी तो आला, कारण मी बोलावलं होतं आणि मी तिथे होतो. तुम्ही ठरवलेल्या दिवशी हजर नसाल तर पुढच्या वेळी तोही नसेल. दहावीनंतर दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात मी कोणाचंही वाईट लिहिलं नाही. एका शब्दाने पुढच्या कॉलेजातला प्रवेश अडवायचं काही कारण नव्हतं.

नियम लिहिताना मुलांना बसवा. प्रत्येक वर्गातले दोन, एक मुलगा आणि एक मुलगी. आमच्याकडे मुलांनीच सुचवलेला नियम होता, "कोणाच्याही डब्याला नाव ठेवायचं नाही." मोठ्यांपैकी कोणाच्या डोक्यात तो आला नसता. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी आणि ठेचा आणणारी पोरं डबा झाकून खायची, ते त्या नियमानंतर थांबलं. भाषा साधी ठेवा, आणि ज्या मुलांच्या घरी भिली किंवा पावरी बोलतात त्यांना ते नियम कोणीतरी त्यांच्या बोलीत समजावून सांगू द्या. आज्ञा न कळलेलं पोर हट्टी दिसतं.

आता तुमचा नववीचा मुलगा. कलम १६चं संरक्षण आठवीपर्यंतचं आहे, म्हणून संस्था म्हणेल की काढता येतं. मॅडम, शाळा सोडल्याचा दाखला पालकाने मागायचा असतो, शाळेने तो मुलाच्या हातात कोंबायचा नसतो. ऑक्टोबरात बाहेर पडलेला नववीचा मुलगा दुसऱ्या शाळेत जात नाही, तो सुरतेला जातो. संचालकांना लेखी द्या की चौकशी चालू आहे आणि तोपर्यंत तो वर्गात बसेल. त्यांनी फारच जोर लावला तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाला लेखी कळवल्याशिवाय सही करणार नाही, असं सांगा. शांतपणे सांगा, ते ऐकतात.

काचेची भरपाई आणि दंड वेगळ्या गोष्टी आहेत. काच आज सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, बसवून घ्या. सुतार येईल तेव्हा मुलगा सोबत उभा राहील, माप घेईल, पैसे किती लागले ते वहीत लिहील. फुटक्या काचा त्याला उचलायला लावू नका. शिवीबद्दल तो सरांची माफी मागेल, पण वर्गासमोर नाही, आणि तुम्ही सांगितलेल्या शब्दांत नाही. त्याआधी सरांनाही एकट्यात विचारा की शिवीच्या आधीचं वाक्य कोणाचं होतं आणि काय होतं. हे विचारणं अवघड आहे, मला माहीत आहे. विचाराच.

आणि या शनिवारी, शाळा सकाळची असते, दुपारी त्याच्या घरी जा. निरोप पाठवून जा, अचानक नको. बाप शेतात असेल तर माय भेटेल. पहिली दहा मिनिटं काचेचा विषय काढू नका. चहा घ्या, तो कुठे बसून अभ्यास करतो ते बघा. सोबत वर्गशिक्षिकेला न्या. ज्या सरांना त्याने शिवी दिली त्यांना या भेटीत नेऊ नका, पुढच्या शनिवारी न्या.